अंगणात तपासता येईल असं आकाश



'रोजच्या जगण्यातलं विज्ञान आणि खगोल' असा विषय आम्हाला दिला आहे. या विषयावरची व्याख्यानं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. त्यात सूर्य पृथ्वीपेक्षा किती मोठा, प्रकाश एका सेकंदात किती लांब जातो, आपण विश्वात किती क्षुद्र, असं सगळं येतं. ऐकणारा थक्क होतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थीचा चंद्रोदय किती वाजता आहे ते बघतो. त्या चंद्रोदयाचा व्याख्यानाशी काही संबंध आहे, असं त्याला वाटत नाही. आमच्या मते हा दोष ऐकणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचा आहे. म्हणून आज आम्ही खगोल शिकवण्यापेक्षा मराठीत खगोल कसं लिहिलं जातं त्याची थोडी समीक्षा करणार आहोत.

समीक्षेला एक माप लागतं. आमचं माप अगदी साधं आहे. लिहिलेली गोष्ट शिराळ्यातल्या माणसाला अंगणात उतरून तपासता येते का? किंवा निदान, ती तपासायची झाली तर कशी तपासायची हे लेखक सांगतो का? या मापानं आम्ही चार प्रकारचं लेखन बघणार आहोत: भिंतीवरचं कॅलेंडर, देवळांची वर्णनं, शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि जयंत नारळीकर.

सुरुवात कॅलेंडरापासून. तुम्ही म्हणाल, कॅलेंडराची कसली समीक्षा? पण मराठीत सर्वांत जास्त वाचलं जाणारं खगोलविषयक लेखन हेच आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केलं आणि पंचांग भटजींच्या पिशवीतून निघून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आलं. रोज कोट्यवधी माणसं त्यात सूर्योदय, तिथी, नक्षत्र बघतात. एवढा वाचकवर्ग कुठल्याही विज्ञानलेखकाला मिळालेला नाही.

आता शिराळ्याच्या जिव्हाळ्याची तारीख घेऊ, नागपंचमी. २०२३ साली ती २१ ऑगस्टला होती. २०२४ साली ९ ऑगस्टला. २०२५ साली २९ जुलैला. आणि २०२६ साली एकदम १७ ऑगस्टला. गावात दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "यंदा पंचमी लवकर आली." किंवा, "यंदा लांबली." पण ती का हलते? बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून सण दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे सरकतो. असाच सरकत राहिला तर पंचमी एक दिवस उन्हाळ्यात येईल. तसं होऊ नये म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात. एकोणीस वर्षांत सात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. म्हणून त्या दोन वर्षांत पंचमी ऑगस्टच्या उत्तरार्धात येते आणि मधल्या वर्षांत मागे मागे जाते. वर दिलेल्या चार तारखा एका कागदावर लिहिल्या तर सातवीतलं मूलसुद्धा हा नियम शोधून काढेल. एवढं सोपं आहे ते. पण अधिक महिन्याबद्दल आपल्याकडे छापलं काय जातं? या महिन्यात कोणतं दान करावं, जावयाला अनारसे किती द्यावेत. हे छापू नये असं आम्ही म्हणत नाही. अनारसे आम्हालाही आवडतात. त्याच पानावर दोन ओळींत कारणही सांगता येतं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

अशीच गोष्ट वेळेची. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण पुस्तकात वाचतो, बोलण्यात वापरतो. घड्याळात आपण जी वेळ पाळतो ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे थेट अलाहाबादकडची. शिराळा आहे ७४.१ अंशाच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेआठ अंशांच्या जरा आतच अंतर आहे, म्हणजे सुमारे तेहतीस-चौतीस मिनिटं झाली. तेव्हा शिराळ्याचा खरा मध्यान्ह सरासरीनं साडेबाराच्या पुढे होतो. त्यातही वर्षभरात फरक पडतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि तिचा आस कललेला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सव्वाबाराच्या सुमारास येतो, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या सुमारास. दारात एक सरळ काठी रोवा, सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते बघा. घड्याळ वेगळं सांगतंय आणि काठी वेगळं, हे डोळ्यांनी दिसेल.

आणि डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर? शिराळ्याचा अक्षांश जवळजवळ १७ अंश. सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून फक्त दोनदा: मे महिन्यात ७-८ तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टमध्ये ४-५ तारखेच्या सुमारास. त्या दिवशी साडेबाराच्या आसपास काठीची सावली काठीच्या बुडात जिरते. ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्यच दिसत नाही, तेव्हा मे महिना धरायचा. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत 'शून्य सावली'ची बातमी त्यांच्या तारखेनं येते. ती आपली तारीख नव्हे. सांगलीची वेगळी, साताऱ्याची वेगळी. गावागणिक तारीख बदलते याचाच अर्थ पृथ्वी गोल आहे! पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून आपण मुलांना समुद्रावरच्या जहाजाचं शीड आधी दिसतं वगैरे शिकवतो. शिराळ्याच्या किती मुलांनी समुद्रावर जहाज येताना पाहिलं असेल? काठी मात्र सगळ्यांच्या घरी आहे.

आता संक्रांत. 'मकरसंक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं, दिवस तिळातिळानं वाढतो.' हे वाक्य कॅलेंडरात असतं, निबंधात असतं, शुभेच्छांमध्ये असतं. पण दिवस वाढायला लागतो २१-२२ डिसेंबरनंतर. १४ जानेवारीपर्यंत तो वाढून तीन आठवडे झालेले असतात. मग आपले पूर्वज चुकले का? अजिबात नाही. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एकत्रच घडत होत्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका फेरीला सुमारे २६००० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबानं मोजलेली संक्रांत ऋतूंच्या हिशेबात बहात्तर वर्षांना साधारण एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. आपली संक्रांत १४ किंवा १५ला असते.

याच हिशेबानं आणखी मागे जा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो आणि अनेकांना खरोखरच वाटतं की लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली. गणित मागे नेलं तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन चार दिवस उलटलेले होते. आजची १४ जानेवारी आपण बेलाशक इतिहासावर चिकटवली. म्हणजे खगोलाची ही एवढीशी कल्पना ठाऊक नसली तर इतिहाससुद्धा चुकीचा सांगितला जातो.

आता दुसरा प्रकार, देवळांची वर्णनं. आपल्या शिराळ्याचा मारुती हा समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक. अकरा मारुतींची माहिती देणाऱ्या लेखनात शिराळ्याबद्दल एक वाक्य हमखास येतं: मूर्तीच्या दोन्ही बाजूंना झरोके आहेत आणि सूर्योदयाला नि सूर्यास्ताला मारुतीच्या मुखावर प्रकाश पडतो. सुंदर रचना आहे. पण वाक्य तिथंच संपतं आणि आमचा प्रश्न तिथंच सुरू होतो. कोणत्या महिन्यातल्या सूर्योदयाला?

'सूर्य पूर्वेला उगवतो' हे आपल्या पाठ्यपुस्तकी ज्ञानाचं पहिलं वाक्य. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारासच. शिराळ्यातून बघितलं तर जूनमध्ये तो पूर्वेच्या उत्तरेला सुमारे पंचवीस अंशांवर उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. म्हणजे उगवण्याची जागा वर्षभरात जवळजवळ पन्नास अंश फिरते. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. पाच मुठींचा हा प्रवास आहे. एका लहान झरोक्यातून वर्षाचे सगळे दिवस थेट किरण एकाच मुखावर पडणार नाहीत. अप्रत्यक्ष उजेड रोज येईल, थेट किरणांचे दिवस मोजकेच असतील. ते कोणते? रुंदी मोजून, किंवा त्याहून सोपं म्हणजे वर्षभर नोंद ठेवून, हे काढता येतं. हायस्कूलच्या दोन-चार मुलांनी ठरवलं तर एका वर्षात होईल. मग ते वर्णन 'प्रकाश पडतो' असं न राहता 'या तारखेपासून या तारखेपर्यंत पडतो' असं होईल आणि त्यात मारुतीचा मान काही कमी होणार नाही.

हेच कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला लागू आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, देवीच्या चरणांना स्पर्श करतात, वर चढत मुखापर्यंत जातात. दरवर्षी बातमी येते, किरणं कुठपर्यंत पोचली, कुठल्या इमारतीनं अडवली, ढग होते की नव्हते. पण याच दोन तारखा का? २१ डिसेंबर धरा आणि दोन्हीकडे दिवस मोजा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर एकेचाळीस दिवस. २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारी एकेचाळीस दिवस. सूर्य दक्षिणेकडे जाताना जिथं मावळतो तिथंच तो परतताना पुन्हा मावळतो. पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे अठरा अंश. हा बारीक विचार करून कुणीतरी ते देऊळ बांधलं, किंवा बांधल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. दोन्ही शक्यता मोठ्या आहेत.

आणखी एक गंमत बघा. किरणं पायांकडून मुखाकडे चढतात ती का? कारण सूर्य खाली जातो. दिवा खाली आणला की भिंतीवरची झोत वर सरकते, तसंच. हे एका संध्याकाळी काही मिनिटांत घडतं. पण दिवसागणिक जो बदल होतो तो आडवा असतो, आणि तो नोव्हेंबरात एका दिशेला तर फेब्रुवारीत उलट दिशेला व्हायला हवा, कारण एकदा सूर्य दक्षिणेला चाललेला असतो आणि एकदा उत्तरेला. 'पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख' असा जो ठोक क्रम आपण ऐकतो, त्यात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. भक्तीनं गेलेल्या माणसालाही हे कळलं तर तो अधिक बारकाईनं बघेल. बघणं वाढलं तर भक्ती घटते, असं आम्हाला वाटत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव आज थोड्यांना माहीत असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा हा माणूस, १८५३चा जन्म, पेशानं शिक्षक, पंचेचाळिशीतच १८९८ साली गेला. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' हा ग्रंथ आला. त्याच साली रॉबर्ट स्यूअल यांच्याबरोबरचा 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथही. मराठीत लिहिलेला शास्त्रीय ग्रंथ जगभरच्या अभ्यासकांना घ्यावा लागला, अशी उदाहरणं फार नाहीत. त्यातलं हे एक.

पण आमचा जीव जडला आहे तो त्यांच्या दुसऱ्या, लहान पुस्तकावर. सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देणारं हे पुस्तक १८९०च्या दशकातलं. नाव 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. नावातच सगळा दृष्टिकोन आहे. वाचकाला आकाशाखाली बोलावलं आहे, किती वेळ लागेल ते सांगितलं आहे आणि त्यात मौज आहे असं वचन दिलं आहे. 'विश्वाचं गूढ उकलताना' असलं काही नाही.

आणि दोन घटका म्हणजे किती? घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. एवढ्या वेळात आकाश बारा अंश सरकतं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. म्हणूनच चंद्र रोज सुमारे दोन घटका उशिरा उगवतो. जुनी माणसं संकष्टीच्या चंद्रोदयाचा अंदाज घड्याळाशिवाय करायची ते याच हिशेबानं. पौर्णिमेला दिवे लावणीला चंद्र, मग चतुर्थीला त्यानंतर आठ घटकांच्या आसपास. ऋतूप्रमाणे त्यात थोडं कमीजास्त होतं, पण मूळ हिशेब हाच. रोज वापरातल्या एका शब्दात चंद्राची चाल भरलेली आहे. आपण तास-मिनिटं घेतली ते बरोबरच केलं, पण घटका सोडताना तिच्यातलं गणित कुणी उतरवून घेतलं नाही.

दीक्षितांची पद्धत बघायची तर त्यांच्या मोठ्या ग्रंथातला कृत्तिकांचा मुद्दा बघावा. शतपथ ब्राह्मणात असं म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. शेकडो पंडितांनी हे वाचलं असेल. दीक्षितांनी विचारलं, कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत होत्या म्हणजे केव्हा? मघाशी सांगितलेला आसाचा डोल उलटा मोजला आणि उत्तर काढलं, इसवी सनापूर्वी तीन हजारच्या सुमारास. या कालनिर्णयावर पुढे वाद झाले, अजूनही आहेत. ते असू देत. पद्धत महत्त्वाची आहे. त्यांनी धर्मग्रंथातलं वाक्य पवित्र म्हणून बाजूला ठेवलं नाही आणि भाकड म्हणून फेकलंही नाही. कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची नोंद म्हणून ते वाचलं. तुम्हीही तपासू शकता. आज शिराळ्यातून कृत्तिका उगवताना बघितल्या तर त्या पूर्वेच्या उत्तरेला सुमारे पंचवीस अंशांवर दिसतात, म्हणजे जूनमधला सूर्य ज्या झाडामागून उगवतो जवळजवळ त्याच झाडामागून. आमच्या मापावर दीक्षित पुरे उतरतात.

आता नारळीकर. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. २० मे २०२५ रोजी ते गेले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबरचं गुरुत्वाकर्षणावरचं काम, १९८८ साली पुण्यात उभी राहिलेली 'आयुका', २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मराठीत विज्ञान लिहिणं म्हणजे इंग्रजी वाक्याला मराठी प्रत्यय लावणं नव्हे, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवलं. त्यांचं 'आकाशाशी जडले नाते' घ्या. वाक्यं लहान, उदाहरणं ओळखीची, बडेजाव नाही. या पुस्तकानं हजारो मुलांना आकाशाकडे बघायला लावलं, हे ऋण आधी मान्य करून मगच आम्ही पुढे बोलतो.

आमचा आक्षेप पुस्तकाच्या ओढीबद्दल आहे. ती ओढ दूरच्या विश्वाकडे आहे: तारे, दीर्घिका, कृष्णविवरं, विश्वाची उत्पत्ती. विश्वरचनाशास्त्रज्ञानं हे लिहिणं स्वाभाविक आहे आणि त्याच्याइतक्या अधिकारानं ते दुसरं कुणी लिहिलंही नसतं. पण त्यांच्यामागून आलेल्या लेखकांनी नारळीकरांची प्रसन्नता उचलण्याऐवजी त्यांचे विषय उचलले. आज मराठीत कृष्णविवरावर दहा लेख सहज सापडतील. 'मृग नक्षत्र ७-८ जूनलाच का लागतं' यावर एक धड लेख शोधायला बसावं लागतं. कृष्णविवर अंगणात तपासता येत नाही. वाचकाला लेखकावर विश्वास ठेवावा लागतो. आणि केवळ विश्वासावर घेतलेलं विज्ञान फार टिकत नाही. एका शब्दावर विश्वास ठेवायची सवय लागलेला माणूस उद्या दुसऱ्याच्याही शब्दावर ठेवतो, मोबाइलवर आलेल्या कसल्याही शब्दावर ठेवतो.

यावर कुणी म्हणेल, नारळीकर काय नुसते विश्वास ठेवा म्हणत होते? मुळीच नाही, आणि इथं त्यांची खरी मोठी गोष्ट सांगायला हवी. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं. आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट. प्रसिद्ध नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला बक्षीस मिळालं. पुढे पस्तीस-एक वर्षांनी त्यांनी आणि साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह, फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या, नावं झाकलेल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, कोणती कुणाची ओळखा म्हटलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. कथा असो की कुंडली, दोन्ही ठिकाणी युक्ती एकच आहे: नाव झाका आणि मग निकाल बघा. हे खरं रोजच्या जगण्यातलं विज्ञान. ते कुणालाही करता येतं, दुर्बीण लागत नाही. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या घालून मारलं गेलं. तपासून बघा म्हणणं किती महाग पडू शकतं, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

आणि तरीही याच परंपरेबद्दल आमची एक तक्रार आहे. फलज्योतिषाविरुद्ध लिहिताना पंचांगही त्याच गाठोड्यात बांधून फेकण्याची सवय लागली. पंचांगात दोन गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करणं हेच समीक्षेचं काम आहे. पावसाचीच नक्षत्रं घ्या. सूर्य मृगात आला, आर्द्रात आला, हे सूर्याच्या वार्षिक वाटेचे टप्पे आहेत. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी साडेतेरा दिवस. ही ऋतूंची दिनदर्शिकाच आहे आणि ती शेतकऱ्याच्या तोंडात आहे. त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं वाहन: बेडूक, म्हैस, मोर, उंदीर. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकीवरून वाहन ठरवायचं. म्हैस आली की पाऊस चांगला, उंदीर आला की बेताचा. आता एवढंच विचारा: या नियमानं शिराळ्याला आणि जतला वाहन एकच मिळतं. एकच बेडूक चांदोलीच्या डोंगरात धो धो ओततो आणि जत-आटपाडीत टँकर लावतो? एका जिल्ह्याचे दोन टोकांचे पाऊस हा सह्याद्रीचा परिणाम आहे. ढग डोंगर चढताना रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते. वाहनाचा नियम एका प्रश्नात कोसळतो. नक्षत्राची तारीख मात्र उभी राहते.

पण तीही कायमची नाही, आणि इथं आपल्या तालुक्याचं खरं काहीतरी पणाला लागलेलं आहे. शिराळ्यात रोहिणीत धूळवाफेवर भात पेरतात. कोरड्या मातीत बी टाकायचं आणि आभाळावर भरवसा ठेवायचा. सूर्य रोहिणीत जातो तो २५ मेच्या सुमारास आणि ती तारीख दरवर्षी जवळजवळ ठरलेली. मान्सून तसा नाही. २०२५ साली तो २४ मेलाच केरळात पोचला, सूर्य रोहिणीत जाण्याआधी. मेमध्येच पाऊस झाला तर धूळवाफ कसली? आणि एखाद्या वर्षी मृग कोरडा गेला तर बी जळतं, दुबार पेरणी येते. शिवाय संक्रांतीसारखीच ही नक्षत्रंही ऋतूंच्या मानानं सरकतात. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, सूर्य मृगात जायचा तो आजच्या हिशेबानं मेच्या मध्यानंतर लगेच. तेव्हा मृगाच्या पावसाचं नातं आजच्यासारखं नव्हतं. म्हणजे 'मृग म्हणजे पाऊस' हे सनातन सत्य नाही, आपल्या काही शतकांपुरतं जुळलेलं वेळापत्रक आहे. नक्षत्र तारीख सांगतं, पाऊस सांगत नाही. पावसाकरता हवामान खात्याचा अंदाज बघायचा, तोही दर काही दिवसांनी बदलणारा. हे सोप्या मराठीत, पेरणीच्या आधी, शेतकऱ्याला कुणी सांगायचं? खगोल लिहिणाऱ्यांनीच ना? मेघनाद साहांच्या समितीनं पंचांग ऋतूंशी पक्कं बांधलं, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती सरकारी कागदावर राहिली. लोकांच्या भाषेत आणि शेतात ती कुणी उतरवली नाही म्हणून.

आज मराठीत आकाशाबद्दल दोन आवाज मोठे आहेत. एक म्हणतो, आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. दुसरा म्हणतो, ते सगळं थोतांड होतं. दोघंही काठी रोवत नाहीत. पहिल्याला भीती वाटते की सावली काहीतरी वेगळं सांगेल. दुसऱ्याला वाटतं, काठी हे काय साधन आहे का! दीक्षितांनी काठी रोवली होती. नारळीकरांनी नावं झाकून कुंडल्या वाटल्या, ती त्यांची काठीच होती. यापुढे लिहिणाऱ्यांकडे आम्ही एवढंच मागतो की लेखाच्या शेवटी एक ओळ असावी: हे तुम्हाला असं तपासता येईल.

त्याप्रमाणे आम्हीही सांगतो. येत्या मेच्या ७ आणि ८ तारखेला, दुपारी सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत, सपाट जागी ओळंब्यानं सरळ केलेली काठी उभी करा. आम्ही सांगितलेली वेळ आणि तारीख किती जुळते ते बघा. नाही जुळली तर काठीचं खरं माना. प्रश्न असतील तर आता विचारा.